मधले शटल

कोपनहेगन,
रविवार, सायंकाळ

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

गेल्या आठवड्यात फोनवर मी तुम्हाला एवढेच सांगितले होते की, या हंगामापासून मी बॅडमिंटन लीगमध्ये खेळणार नाही आणि क्लबच्या कुमार गटातील दुहेरीच्या जोड्यांचे प्रशिक्षण पूर्णपणे माझ्याकडे आले आहे. त्यावर तुम्ही बराच वेळ काहीच बोलला नाहीत आणि मग "म्हणजे खेळ संपला म्हणायचा" असे म्हणून फोन आईच्या हातात दिलात. त्या वाक्याचे उत्तर फोनवर देणे मला जमले नसते, म्हणून सवडीने लिहायला बसलो आहे.

तुम्हाला डेन्मार्कचे दुहेरीचे खेळाडू मथायस बो आठवत असतील. (आईला सांगायचे तर, तापसी पन्नूचे यजमान. तिला त्यांची ओळख तेवढीच आहे आणि तेवढी पुरे आहे.) लंडन ऑलिंपिकचा २०१२ चा अंतिम सामना आपण दोघांनी एकत्र पाहिला होता. बो आणि त्यांचे जोडीदार कार्स्टन मोगेन्सन चीनच्या काय युन आणि फू हायफेंग यांच्याकडून सरळ दोन गेममध्ये हरले, आणि तुम्ही म्हणाला होतात की या डावखुऱ्याने तर एकही मोठा फटका मारला नाही. ते बरोबरच होते, पण त्यांचे काम तेच होते. सर्व्हिस करायची, रॅकेट खांद्याच्या वर धरून जाळ्याशी उभे राहायचे आणि समोरच्याला शटल उचलावेच लागेल अशी कोंडी करायची; मग मागे उभा असलेला मोगेन्सन स्मॅश मारणार, टाळ्या त्याला मिळणार. याच पद्धतीने त्या दोघांनी २०११ आणि २०१५ मध्ये ऑल इंग्लंड ही मानाची स्पर्धा जिंकली. जानेवारी २०१६ मध्ये भारतातील लीग खेळत असताना मोगेन्सन यांना मेंदूत रक्तस्राव झाला, तरी त्याच वर्षीच्या रिओ ऑलिंपिकमध्ये ही जोडी पुन्हा कोर्टवर उतरली होती.

२०२० मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, बो यांनी निवृत्ती जाहीर केली आणि पुढच्याच वर्षी ते सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी आणि चिराग शेट्टी यांचे प्रशिक्षक म्हणून भारतात आले. या दोघांची जोडी त्यांनी जमवलेली नव्हती, हे इथे नोंदवले पाहिजे. तो निर्णय मलेशियाचे टॅन किम हर यांचा. तेही दुहेरीचेच जुने खेळाडू. दोघेही उंच, दोघेही मागून जोरात मारणारे, आणि दोघांनाही मागेच राहायचे असायचे; अशा मुलांना एकत्र बांधणे त्या वेळी अनेकांना विचित्र वाटले होते. बो यांच्यासारखा आयुष्यभर जाळ्याशी उभा राहिलेला माणूस अशा जोडीला मिळावा, याहून नेमकी गाठ मला सुचत नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये गटातील तीनपैकी दोन सामने जिंकून आणि पुढे सुवर्णपदक मिळवणाऱ्या तैवानच्या जोडीलाही हरवून ही मुले केवळ जिंकलेल्या-हरलेल्या गेमच्या हिशेबात बाहेर पडली. नंतर मात्र २०२२ चा थॉमस कप (पुरुषांची सांघिक जागतिक स्पर्धा), २०२३ मध्ये दुबईतील आशियाई अजिंक्यपद आणि हांगझोऊमधील आशियाई खेळांचे सुवर्णपदक, आणि त्यापाठोपाठ जागतिक क्रमवारीतील पहिले स्थान, हे सगळे तुम्ही वर्तमानपत्रातून कापून मला पाठवलेच आहे. पॅरिस ऑलिंपिकला उपांत्यपूर्व फेरीत पहिला गेम सहज जिंकूनही ते मलेशियाच्या आरोन चिया आणि सोह वुई यिक यांच्याकडून हरले, आणि बो यांनी आपले प्रशिक्षण इथेच थांबत असल्याचे जाहीर केले. खेळाडू म्हणून हरलेल्या अंतिम सामन्यानंतर जो माणूस आणखी आठ वर्षे खेळत राहिला, तो प्रशिक्षक म्हणून एका पराभवानंतर थांबला. हा व्यवसाय खेळण्यापेक्षा सोपा असतो असे तुम्हाला वाटत असेल, तर या एका गोष्टीचा विचार करावा.

कारण सामना सुरू झाल्यावर प्रशिक्षकाच्या हाती फारच थोडे उरते. दोन गुणांच्या मध्ये, शटल खेळात नसताना, खुर्चीवरून चार शब्द बोलता येतात, पण सविस्तर बोलायला प्रत्येक गेममध्ये एक बाजू अकरा गुणांवर पोहोचली की ६० सेकंद आणि दोन गेमच्या मध्ये १२० सेकंद एवढाच अवधी असतो. सरळ दोन गेमचा सामना धरला तर सगळी मिळून चार मिनिटे. त्यातही पहिला अर्धा मिनिट मुले घाम पुसण्यात आणि पाणी पिण्यात घालवतात. जे काही सांगायचे, ते आधीच्या महिन्यांत सरावाच्या हॉलमध्ये सांगून झालेले असावे लागते.

त्या हॉलमध्ये मी काय करतो, हे तुम्ही विचारले नाहीत, तरी सांगतो. पहिला अर्धा तास फक्त सर्व्हिस असते. जाळीच्या पट्टीवर वीतभर उंचीवर एक दोरी बांधतो आणि पट्टी व दोरी यांच्या मधूनच शटल गेले पाहिजे, असे मुलांना सांगतो. २०१८ पासून सर्व्हिस करताना संपूर्ण शटल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली असावे लागते. तुमच्या काळी कंबर हे माप होते आणि पंचाच्या डोळ्यावर सगळे अवलंबून असे. आता उंच मुलांना गुडघे वाकवूनच सर्व्हिस करावी लागते, आणि वाकल्यावर त्यांचे मनगट ताठ होते. ते सैल करण्यातच माझे आठवडे जातात. सुरुवातीला मीच कंटाळत असे. हल्ली शटल पट्टीला जेमतेम घासून पलीकडे उतरले की त्या आवाजावरूनच, न बघता, मला कळते.

मागच्या मंगळवारी चौदा वर्षांच्या दोन मुली सराव सामना खेळत होत्या. समोरून स्मॅश आला, दोघींच्या बरोबर मधून गेला, आणि दोघींनीही तो सोडला. शटल दोघींच्या मध्ये जमिनीवर पडले. दोघींनी आधी एकमेकींकडे आणि मग माझ्याकडे पाहिले. प्रत्येकीची खात्री होती की ते दुसरीचे होते. मी त्यांना तिथेच उभे केले आणि समजावले: स्मॅश मारणाऱ्याच्या सरळ समोर जी उभी आहे, तिने आपल्या बाजूची रेषा सांभाळायची, आणि तिरप्या बाजूला जी आहे, तिने आत सरकून मधले शटल घ्यायचे. डावी-उजवी असा विचार करायचा नाही, शटल समोरच्या कोणत्या कोपऱ्यातून येणार आहे ते बघायचे. मग तोच फटका मी दोन्ही कोपऱ्यांतून चाळीसेक वेळा दिला. विसाव्याच्या आसपास त्या न बोलता सरकू लागल्या.

बाबा, हे समजावत असताना मला आपल्याकडचा तो जिल्हा स्पर्धेचा अंतिम सामना आठवत होता. तिसऱ्या गेममध्ये १९-१९ असताना असेच एक शटल आमच्या मध्ये पडले आणि मी सगळ्या प्रेक्षकांसमोर जोडीदारावर ओरडलो. तुम्ही तिथेच बसला होतात. परतताना गाडीत तुम्ही विचारले होते, "ते नक्की कोणाचे होते?" आणि मी क्षणाचाही विचार न करता "त्याचे" असे म्हटले. स्मॅश त्याच्या समोरच्या कोपऱ्यातून आला होता. तो रेषेवर होता, आणि तिथेच असायला हवा होता. तिरपा मी होतो.

त्यानंतर आम्ही दोघे फार काळ एकत्र खेळलो नाही, आणि त्याचे कारण त्याने कधी कोणाला सांगितले नाही. सकाळी फिरायला जाताना तो तुम्हाला अजूनही भेटतो, असे ताई म्हणाली. पुन्हा भेटला तर ते शटल माझे होते, एवढा माझा निरोप त्याला द्यावा. मी स्वतःही त्याला लिहीन, पण आधी तुमच्या तोंडून त्याला कळले तर मला बरे वाटेल.

आईस साष्टांग नमस्कार, ताईस नमस्कार, छोट्यांना अनेक आशीर्वाद. उत्तर फोनवर नको, पत्रानेच पाठवावे.

कळावे, लोभ असावा.

तुमचा,
धाकटा