पुढच्या टायरची हवा विचारणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

स. न. वि. वि.

ड्रॅग रेसच्या, म्हणजे 402 मीटर (पाव मैल) सरळ धावायच्या शर्यतीच्या, रांगेत लागलेल्या प्रत्येक गाडीपाशी येऊन तुम्ही दोनच गोष्टी विचारता: पुढच्या टायरमध्ये हवा किती, आणि मागच्या रनची स्लिप, म्हणजे वेळांची चिठ्ठी, कुठे आहे. ‘किती बीएचपी?’ असं इंजिनाच्या ताकदीबद्दल तुम्ही कुणाला विचारल्याचं आठवत नाही. नंबरप्लेट लावलेल्या, एरवी ऑफिसला जाणाऱ्या गाड्या घेऊन येणाऱ्या आम्हा सगळ्यांचे सेकंद या दोन प्रश्नांनी कमी केले. नुसतं ‘धन्यवाद’ लिहून भागणार नाही. कशाकशाबद्दल आभार, ते नावानिशी लिहितो. नव्याने रांगेत येणाऱ्यांनाही त्याचा उपयोग होईल.

पहिले आभार स्लिप वाचायला शिकवल्याबद्दल. बहुतेकांची नजर थेट शेवटच्या आकड्यावर जाते. तुम्ही बोट ठेवता ते 60 फुटांच्या आकड्यावर, म्हणजे पहिल्या 18 मीटरांवर. इथे वाचलेला दहावा हिस्सा सेकंद 402 मीटरच्या शेवटी दीड ते दोन पट होऊन परत मिळतो, कारण आधी मिळालेला वेग पुढच्या सगळ्या अंतरात सोबत राहतो. शेवटच्या टप्प्यातला वेग सांगतो इंजिनाचं, 60 फुटांचा आकडा सांगतो टायर आणि क्लचचं. धरून चालू की 60 फुटांना 2.55 सेकंद लागले, एकूण 17.2, आणि शेवटचा वेग ताशी 130 किलोमीटर. पुढच्या रनला 2.35 आणि 16.9, वेग तोच 130. इंजिनात काहीच बदललेलं नाही, गाडीचं सुटणं सुधारलं आहे. उलट वेग 4-5 किलोमीटरने पडला, तर गाडी तापलीय किंवा गिअर उशिरा पडतोय. हे कळलं की फिल्टर, सायलेन्सर, ट्यूनिंग यांवर आंधळेपणाने होणारा खर्च थांबतो. (सायलेन्सरवाल्यांनी तुमच्यावर राग धरला असेल तर आमचा नाइलाज आहे.)

रिअॅक्शन टाइम, म्हणजे हिरवा दिवा लागल्यापासून गाडी हलेपर्यंतचा वेळ, त्या एकूण वेळेत धरला जात नाही, हेही तुम्ही शंभर वेळा सांगितलं असेल. घड्याळ सुरू होतं ते हिरवा दिवा लागल्यावर नाही, पुढचं टायर स्टेजच्या, म्हणजे स्टार्ट लाइनवर आडव्या सोडलेल्या, प्रकाशकिरणातून बाहेर पडल्यावर. म्हणून वेळ सुधारायची असेल तर उथळ स्टेजिंग करायचं: पहिल्या किरणाचा दिवा लागला की थांबायचं, मग इंचाइंचाने पुढे सरकायचं आणि दुसऱ्या किरणाचा दिवा लागताक्षणी ब्रेक. दोन किरणांमधलं अंतर जेमतेम 7 इंच असतं, त्यामुळे पाय हलका हवा. असं उभं राहिलं की टायर किरणातून सुटेपर्यंत गाडीला साधारण फूटभर फुकटची धाव मिळते. खोल घुसून उभं राहिलं तर रिअॅक्शन चांगला दिसतो, पण ती फूटभर धाव जाते आणि लाल दिव्याचा, म्हणजे हिरव्याआधीच सुटल्याचा, धोका वाढतो. अर्ध्या सेकंदाच्या अंतराने तीन पिवळे लागत असतील तर तिसरा पिवळा दिसताच सोडायचं. हिरव्याची वाट पाहणारा माणूस नेहमी उशिरा निघतो.

आता हवेबद्दल. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीची अडचण अशी की सुटताना नाक वर उठतं, वजन मागे जातं, आणि ज्या चाकांना पकड हवी तीच हलकी होतात. मागची चाकं ओढणाऱ्या गाड्यांचे सल्ले इथे उलटे पडतात. तुमचा हिशेब सरळ होता: पुढे 33 पीएसआयवरून 26 वर या, मग एकेक पीएसआय कमी करत 22 पर्यंत, प्रत्येक वेळी 60 फुटांचा आकडा पाहा आणि तो बिघडायला लागला की एक पाऊल मागे. मागच्या टायरमध्ये 38 ते 40, मात्र टायरच्या भिंतीवर छापलेल्या कमाल आकड्याच्या आत. मागे कडक हवा म्हणजे टायर कमी दबतं, रोलिंग कमी अडतं. पुढे 20 च्या खाली गेलं की भिंत दुमडते, शेवटी शंभराच्या वर गाडी डुलते आणि टायर रिमवरून निसटू शकतं. आणि हवा नेहमी एकाच वेळी, एकाच मीटरने मोजायची. सकाळी गार टायरवर आणि दुपारी रन झाल्यावर मोजलेले आकडे एकमेकांशी ताडण्यात अर्थ नाही. तापमान साडेपाच अंशांनी वाढलं की साधारण एक पीएसआय आपोआप चढतो.

बर्नआउटबद्दल, म्हणजे सुटण्याआधी चाकं जागीच फिरवून टायर तापवण्याबद्दल, तुम्ही कुणाचीच हौस पुरवत नाही, तेही बरंच. साध्या रेडियल टायरने बर्नआउटसाठी केलेल्या पाण्याच्या डबक्यात जायचंच नाही, वळसा घालून यायचं. खाचांमध्ये आणि चाकाच्या कमानीत अडकलेलं पाणी थेट स्टार्ट लाइनवर ठिबकतं, आणि घसरता तुम्हीच. आपल्याकडे ड्रॅग रेस बहुतेक विमानांच्या धावपट्टीवर होते. तिथे माती, बारीक खडी टायरला चिकटते. ती उडवण्यापुरतं हँडब्रेक लावून दोन सेकंद चाक फिरवलं की पुरे. त्याहून जास्त धूर काढला तर रबर तापून तेलकट होतं आणि पकड उलट कमी होते. फोटो छान येतो, एवढाच फायदा.

सुटण्याची पद्धत मात्र लिहून समजावणं कठीण. तुम्ही खिडकीत वाकून, इंजिनाचा आवाज ऐकत ती हातापायांत बसवलीत. होंडा सिटी व्हीटेकसारख्या 1.5 लिटर, 106 बीएचपीच्या, टर्बो नसलेल्या गाडीला खालच्या आरपीएमवर दम नसतो. 2,000 वर सोडलं तर ती गुदमरते, 6,000 वर झटक्यात सोडलं तर चाकं जागीच फिरतात. म्हणून 3,500 च्या आसपास रेस (अॅक्सिलरेटर) स्थिर धरायची, क्लच आधीच पकडण्याच्या जागेपर्यंत आणून ठेवायचा, आणि सुटताना पेडल एकदम न सोडता सेकंद-सव्वा सेकंदात सोडत न्यायचं. चाक किंचित सरकत पुढे जाणं चांगलं. आरपीएम अचानक उडाला तर रेस थोडी सोडायची, क्लच पुन्हा दाबायचा नाही. पुढच्या रनला 300 आरपीएम वर किंवा खाली. एका रनला एकच बदल. हवा आणि आरपीएम एकदम बदलले तर फरक कशाने पडला ते देवही सांगू शकणार नाही. जळका वास आला तर क्लच प्लेटला पुढची दहा मिनिटं आराम द्यायचा, लगेच रांगेत उभं राहायचं नाही.

आणि ती ठकठक! चाक पकड घेतं, सोडतं, पुन्हा घेतं, आणि पुढचा भाग उड्या मारायला लागतो. तिथे पाय दाबून ठेवणाऱ्याचा ड्राइव्ह शाफ्ट किंवा जॉइंट रस्त्यावर पडतो. अॅक्सिलरेटर सोडा, रन गेला तरी चालेल, हा तुमचा नियम. मूळ दुखणं बहुधा झिजलेल्या इंजिन फाउंडेशनमध्ये (इंजिन ज्या रबरांवर टेकतं त्यांत) किंवा लोअर आर्मच्या बुशमध्ये असतं. ते रबर बदललं, किंवा फाउंडेशनमध्ये पॉलियुरेथेनचे तुकडे बसवले, की ठकठक बरीच शांत होते. स्टिअरिंग थोडं थरथरतं, ते सहन करायचं. लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद पोचवणारी यंत्रणा) हा उत्तम उपाय, पण चांगली टायरं घेण्याआधी त्याचा विचारही नको, हेही तुमचंच.

वजनाबाबत तुम्ही कुणाला भ्रमात ठेवलं नाही. 45 किलो कमी झाले तर 402 मीटरला दहावा हिस्सा सेकंद, हा ढोबळ हिशेब. डिकीतली स्टेपनी, जॅक-पाना आणि 40 ऐवजी 10 लिटर पेट्रोल, सगळं मिळून जेमतेम तेवढं होतं. पण हे सगळं मागच्या भागातलं वजन, म्हणून पुढच्या चाकांची पकड बिघडत नाही. टाकी मात्र तळाला न्यायची नाही: सुटताना पेट्रोल मागे उसळतं, पंप हवा ओढतो आणि ऐन मोक्याला इंजिन खोकतं.

गिअर कधी बदलावा याचं उत्तर तुम्ही कागदावर काढून दिलंत. पहिल्या गिअरचं गुणोत्तर 3.46 आणि दुसऱ्याचं 1.87 धरलं, तर 6,800 वर बदलल्यावर सुई 3,700 च्या जवळ येते. 6,000 वर बदललं तर 3,250 ला, म्हणजे पुन्हा दम नसलेल्या जागी. म्हणून पहिला पूर्ण ओढायचा. क्लच न दाबता गिअर मारण्याची हुशारी जुन्या गिअरबॉक्सच्या सिंक्रोवर (गिअर अलगद जुळवणाऱ्या कड्यांवर) करायची नाही.

लोणावळ्यापलीकडे आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर आलेल्या मुंबईकरांना तुम्ही आधी हवामान ऐकवता. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे 620 मीटरांवर आहे. एवढ्या उंचीवर हवा मुंबईपेक्षा 5-6 टक्के विरळ, म्हणजे टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद जवळजवळ तेवढीच कमी. तापमान 10 अंश वाढलं की आणखी 3 टक्के. म्हणून दोन रनमध्ये पंधरा-वीस मिनिटं बॉनेट उघडं, एसी बंद, आणि हवेचा पाइप बंपरमागून थंड हवा घेणारा. गरम इंजिनाच्या पोटात उघडा फिल्टर बसवणाऱ्यांना फक्त आवाज मिळतो.

तुमच्या तपासणीत अडवल्या गेलेल्यांच्या वतीनेही आभार: ढिली बॅटरी, चाकाचा सैल नट, पायाखाली लोळणारी पाण्याची बाटली, हाफपँट. त्या वेळी राग आला होता. आणि हे सगळं द्रुतगती मार्गावर करून पाहणाऱ्याला तुम्ही रांगेतून हाकलता, त्याबद्दल जास्तच.

आपली,
रांगेतली मंडळी

ता. क. परतीच्या घाटाआधी पुढच्या टायरमध्ये पुन्हा 33 भरायची आठवण तुम्ही फाटकावर उभं राहून करता. आता कंप्रेसर आम्ही आणतो. तुम्ही फक्त मीटर आणा, आमच्या मीटरवर तुमचा विश्वास नाही हे ठाऊक आहे.