डीव्हीडीला एकेचाळीस मिनिटं, आणि वर "घरात कोणी जेन्ट्स आहेत का?"

विटा, जि. सांगली
3 मार्च 2008

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : तुमच्या कॉम्प्युटरमधला डीव्हीडी रायटर वारंवार मंद होणे, केबल बदलून न देणे आणि 1 मार्चच्या फोनवर झालेला अपमान.

तुमच्या हेल्पलाइनला मी आतापर्यंत पाच वेळा फोन केला. सहावा करणार नाही. यापुढे जे काही बोलायचं ते लेखी बोलू.

मी इथल्या मुलींच्या शाळेत शिक्षिका आहे. ऑगस्ट 2007 मध्ये तुमच्या अधिकृत विक्रेत्याकडून 27,500 रुपये रोख मोजून हा कॉम्प्युटर घेतला. बिलाची आणि वॉरंटी कार्डाची झेरॉक्स सोबत जोडली आहे. डिसेंबरमध्ये शाळेचं स्नेहसंमेलन झालं. त्याचं शूटिंग डीव्हीडीवर उतरवून 64 पालकांना द्यायचं मी कबूल केलं आणि डिस्कचे म्हणून प्रत्येकी तीस रुपये आगाऊ घेतले. आमच्या भागातले कितीतरी पुरुष गलाईच्या धंद्यात बाहेरगावी असतात, सोनं-चांदी गाळायच्या कामाला. कोणी चेन्नईला, कोणी कोचीला. आपली मुलगी स्टेजवर नाचली ते त्यांना या डिस्कवरच बघायला मिळणार होतं. त्यामुळे ही कुणाच्या हौसेची गोष्ट आहे असं समजून हे पत्र वाचू नका.

पहिल्या नऊ डिस्क 5 जानेवारीला एका दुपारी झाल्या. रायटर सोळा एक्सचा, म्हणजे डीव्हीडीच्या मूळ वेगाच्या सोळापट वेगाचा आहे, तरी डिस्क चांगल्या टिकाव्यात म्हणून मी आठ एक्स ठेवते. एका डिस्कला पावणेनऊ मिनिटं लागत होती. दुसऱ्या दिवशी दहावी डिस्क घातली, तिला एकेचाळीस मिनिटं लागली. कॉम्प्युटर तोच, फाइल तीच, डिस्कसुद्धा त्याच पन्नासच्या डब्यातली. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या घड्याळात बघून प्रत्येक डिस्कची वेळ मी वहीत लिहिली आहे. त्या पानांच्याही झेरॉक्स जोडल्या आहेत.

एकेचाळीस मिनिटं म्हणजे किती हळू, ते तुम्हाला माहीतच असणार. डीव्हीडीचा एक एक्स म्हणजे सेकंदाला सुमारे 1,385 केबी. त्या वेगाने 4.7 जीबीची पूर्ण डिस्क भरायला जवळजवळ 57 मिनिटं लागतात. म्हणजे सोळा एक्स छापलेला तुमचा रायटर माझ्या घरात दीड एक्सनेसुद्धा चालत नव्हता. डिस्क चालू असताना माउसचा बाण अडखळत उड्या मारायचा आणि साधं गाणं लावलं तरी तुटत तुटत वाजायचं. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर शंभर टक्के दिसायचा. रायटिंगच्या खिडकीत बफरची (डिस्कवर जाण्याआधी माहिती जिथे साठते त्या जागेची) हिरवी पट्टी अठ्ठ्याण्णववरून घसरत शून्यावर यायची, रायटरचा दिवा विझायचा, पट्टी पुन्हा भरली की पेटायचा. हे एका डिस्कमध्ये किती वेळा झालं ते मोजणं मी शेवटी सोडून दिलं.

आता लाइटचं. आमच्याकडे लोडशेडिंग सकाळी तीन तास आणि संध्याकाळी चार तास, आणि न सांगता जाते ती वेगळी. माझा यूपीएस पंधरा मिनिटं टिकतो. पावणेनऊ मिनिटांची डिस्क मध्येच लाइट गेली तरी यूपीएसवर पुरी होते. एकेचाळीस मिनिटांची होत नाही. अर्धवट राहिलेल्या डिस्कवर पुन्हा लिहिता येत नाही, ती फेकूनच द्यावी लागते. अशा अकरा डिस्क माझ्या टेबलाच्या खणात पडून आहेत. तुमचा माणूस मला फोनवर म्हणाला की "थोडा वेळ जास्त लागला तर काय बिघडलं?" हे बिघडलं.

हेल्पलाइनने काय काय करायला लावलं ते थोडक्यात सांगते. 7 जानेवारीला सांगितलं रॅम कमी आहे. मी सांगलीहून पदरचे पैसे घालून 512 एमबी रॅम आणली आणि तुमच्याच विक्रेत्याकडून बसवून घेतली. मिनिटभराचाही फरक पडला नाही. 11 तारखेला सांगितलं डिस्क हलक्या आहेत. त्याच डब्यातल्या नऊ डिस्क पावणेनऊ मिनिटांत झाल्या होत्या, हे मी त्या फोनवर दोनदा सांगितलं. 18 तारखेला इंजिनिअर आला. वॉरंटीत असूनही "व्हिजिट"चे 250 रुपये घेतले, लेन्स साफ करायची सीडी फिरवली आणि म्हणाला कॉम्प्युटर फॉरमॅट करावा लागेल. आत संमेलनाचं सगळं शूटिंग होतं. ते दुसरीकडे काढून ठेवायचं तर पुन्हा याच रायटरने डिस्क करायच्या. मी नको म्हटलं तर त्याने कागदावर "ग्राहकाने सहकार्य केले नाही" असं लिहिलं. तो कागद माझ्याकडे आहे.

त्या दिवशी त्याने माझ्यासमोर कॅबिनेट उघडलं होतं. रायटरमागची पट्टीसारखी राखाडी केबल पॉवर सप्लायच्या पत्र्याखाली दबून घडी घातल्यासारखी वळली होती आणि वळणापाशी तिचा रंग पांढरट पडला होता. मी बोट दाखवून विचारलं, ही अशीच असते का? तो म्हणाला, "कंपनीतूनच तशी येते." पुन्हा झाकण लावून त्यावर सील चिकटवलं. ते सील मी तोडलं तर वॉरंटी जाते. म्हणजे तिथे हात घालायचा अधिकार फक्त तुम्हाला आहे आणि तुम्ही तो घालत नाही.

दोष शेवटी मलाच सापडला, 27 जानेवारीला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये "आयडीई एटीए-एटीएपीआय कंट्रोलर्स", त्यात "सेकंडरी आयडीई चॅनल" (रायटर ज्यावर जोडला आहे तो मार्ग), त्यात "अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज". वर "डीएमए इफ अव्हेलेबल" (डीएमए म्हणजे प्रोसेसरवर भार न टाकता माहिती थेट मेमरीतून नेण्याची वेगवान पद्धत) निवडलेलं होतं, पण त्याखाली "करंट ट्रान्सफर मोड" समोर "पीआयओ मोड" लिहिलेलं होतं. पीआयओमध्ये सगळी माहिती प्रोसेसरला स्वतः वाहून न्यावी लागते, म्हणून तो शंभर टक्क्यांवर जातो आणि बाकी सगळं अडखळतं. विंडोज एक्सपीला त्या चॅनलवर एकूण सहा टाइमआउट (वेळेत उत्तर न येणं) किंवा सीआरसीच्या (माहिती वाटेत बिघडल्याच्या) चुका मिळाल्या की ती वेग पायरीपायरीने उतरवते, आणि चुका चालूच राहिल्या तर थेट पीआयओवर आणून ठेवते. मग तो आपोआप वर येत नाही. मी सेकंडरी चॅनल अनइन्स्टॉल केलं आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट केला. "अल्ट्रा डीएमए मोड 2" दिसलं. पुढची डिस्क आठ मिनिटं चाळीस सेकंदांत बाहेर आली.

तीन आठवडे सुरळीत गेले. शिष्यवृत्तीच्या जादा तासांमुळे मला रोज बसता आलं नाही, तरी सोळा डिस्क झाल्या. 17 फेब्रुवारीला पुन्हा पीआयओ. पुन्हा फोन केला, तक्रार नोंदवून घेतली, पण कोणी आलं नाही. 25 तारखेला मी पुन्हा चॅनल काढलं, तर या वेळी दोनच दिवस टिकलं. ओरखडे पडलेली डिस्क वाचतानाही अशा चुका होऊ शकतात, हे मला माहीत आहे. पण या काळात मी नव्या कोऱ्या डिस्कशिवाय त्यात काहीही घातलेलं नाही. मग चुका येतात कुठून? ती दबलेली केबल बदला, एवढंच माझं म्हणणं आहे. साठ-सत्तर रुपयांची केबल.

हेच सांगायला मी 1 मार्चला, शनिवारी, फोन केला. बावीस मिनिटं संगीत ऐकवल्यावर एक मुलगा आला. मी सगळं क्रमाने सांगितलं : पीआयओ, सेकंडरी चॅनल, दोनदा अनइन्स्टॉल, केबल. त्याने मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. माझं बोलणं संपल्यावर म्हणाला :

"मॅडम, घरात कोणी जेन्ट्स आहेत का?"

मी म्हटलं, कॉम्प्युटर माझा आहे, बिल माझ्या नावावर आहे, माझ्याशी बोला.

"नाही मॅडम, जरा टेक्निकल आहे. सरांना द्या ना."

मी म्हटलं, टेक्निकल काय ते मीच आत्ता तुम्हाला सांगितलं.

"हो, पण सरांना दिलंत तर लवकर होईल."

माझे मिस्टर शेजारीच पेपर वाचत होते. मी काही न बोलता रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. ते म्हणाले, "मला यातलं काही कळत नाही, ते सगळं तीच बघते." तरी हा मुलगा त्यांना समजावत बसला, "सर, माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक करा. राइट क्लिक म्हणजे माउसचं उजवं बटण." मिस्टर म्हणाले, अहो, तिच्याशीच बोला. तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "सर, मॅडमना सांगा, डीव्हीडी म्हणजे काही कुकर नाही, शिट्ट्या मोजत बसायला."

मिस्टरांचा चेहरा पडला. त्यांनी फोन ठेवून दिला, आणि तो काय म्हणाला हे मला सांगायलाच तयार नव्हते. मी दोनदा विचारलं तेव्हा सांगितलं. अठ्ठावीस वर्षं मी मुलींना शिकवते आहे. गणित येत नाही म्हणून रडणाऱ्या मुलीलाही मी कधी असं बोललेले नाही. स्वयंपाकघरातल्या घड्याळावर मी जे मोजलं, त्यातून तुमच्या मालातला दोष सापडला. तुमच्या इंजिनिअरला तो डोळ्यांसमोर असून दिसला नाही. आणि तुमचा माणूस मला कुकरच्या शिट्ट्या सांगतो! "घरात कोणी जेन्ट्स आहेत का" हे तुमच्या हेल्पलाइनवर विचारायला शिकवलेलं आहे का? असेल तर तसं लेखी कळवा. नसेल तर त्या दिवसाचं रेकॉर्डिंग काढून ऐका. फोन लावल्यावर "हा कॉल रेकॉर्ड होत आहे" असं तुम्हीच सांगता.

माझ्या मागण्या. पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत इंजिनिअर पाठवा. त्याने नवी 80 वायरची केबल आणावी, ती कुठेही न दाबता बसवावी आणि माझ्यासमोर तीन डिस्क करून दाखवाव्यात. आठ एक्सला नऊ मिनिटांच्या वर गेलेली चालणार नाही. व्हिजिटचे 250, रॅमचे पैसे आणि अकरा डिस्कचे 165 रुपये परत करा. 18 जानेवारीच्या कागदावरचा "सहकार्य केले नाही" हा शेरा खोडा. आणि 1 मार्चच्या फोनबद्दल लेखी माफी द्या, माझ्या नावाने. मिस्टरांच्या नावाने पत्र आलं तर मी ते न उघडता परत पाठवीन.

हे झालं नाही तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक मंचात 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार दाखल करणार आहे. वही, खणातल्या अकरा डिस्क आणि इंजिनिअरचा कागद, सगळं सोबत नेईन. शाळेत आता दहा कॉम्प्युटर घ्यायचे आहेत आणि खरेदी समितीत मी आहे. डिसेंबरपर्यंत मी तुमचंच नाव सांगत होते. मुख्याध्यापिकाबाईंना मीच म्हटलं होतं की यांचा माल चांगला आणि माणसं वेळेवर येतात. ते शब्द मला परवाच्या बैठकीत मागे घ्यावे लागले.

अजून एकोणीस डिस्क बाकी आहेत. चौथीतल्या एका मुलीची आई सोमवारच्या बाजारात दिसली की विचारते, "बाई, आमच्या ह्यांना कोचीला कधी पाठवायची?" संमेलनाला अडीच महिने होत आले. तिला मी काय उत्तर देऊ, ते तुम्ही पंधरा दिवसांत कळवा.

आपली ग्राहक
(सही)

सोबत : बिल, वॉरंटी कार्ड, इंजिनिअरचा 18 जानेवारीचा कागद, वहीची सहा पानं यांच्या झेरॉक्स प्रती