इंजिनाच्या दिव्याचा कोड बिलावर लिहून द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पलूस तालुक्यात माझं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे. १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचा बीएस-६ चा नियम लागू झाला, साध्या शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक गाड्यांतूनही कार्बोरेटर गेला आणि फ्युएल इंजेक्शन आलं. त्याबरोबर मीटरवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवाही आला. हा दिवा पेटला की गिऱ्हाइकाच्या पोटात गोळा येतो. माझ्याकडे येईपर्यंत पुष्कळांच्या खिशात कुठल्यातरी सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट असतं. त्यावर पार्टचं नाव असतं, किंमत असते, पण गाडीने कोणता कोड, म्हणजे बिघाडाचा क्रमांक, दिला ते कुठेच नसतं. तो लिहून देणं सक्तीचं व्हावं, म्हणून हे पत्र.

सेन्सरकडून येणारं व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं की ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा गाडीतला छोटा कॉम्प्युटर, दिवा लावतो आणि कोड साठवून ठेवतो. कोणत्या सर्किटमध्ये गडबड आहे एवढंच त्या कोडवरून कळतं. सेन्सर गेलाय, वायर तुटलीय, कनेक्टर सैल आहे की अर्थिंग नीट नाही, ते मल्टिमीटर (व्होल्टेज, रेझिस्टन्स मोजायचं यंत्र) घेऊन शोधावंच लागतं. कोडमध्ये सेन्सरचं नाव दिसलं म्हणून सेन्सर बदलायचा, याला दुरुस्ती म्हणत नाहीत.

गेल्या पावसाळ्यानंतर दूध गोळा करणाऱ्या एका पोराची गाडी आली. सकाळी लवकर स्टार्ट होत नव्हती, ॲव्हरेज पडलं होतं, दिवा कायम चालू. त्याला तापमानाचा सेन्सर आणि ईसीयू, दोन्ही बदलायला सांगितलं होतं. कोड वाचायचा स्कॅनर लावला तर कोड आला पी ०११८, म्हणजे इंजिनाच्या तापमान सेन्सरच्या वायरवर व्होल्टेज जास्त. याच सेन्सरचा पी ०११७ हाही कोड आहे, त्यात व्होल्टेज कमी असतं. फरक शेवटच्या आकड्याचाच, पण शोधाची दिशा त्यावरून ठरते. ०११७ असेल तर वायर कुठेतरी बॉडीला टेकून अर्थ होतेय का ते आधी बघायचं, ०११८ असेल तर सर्किट कुठे तुटलंय ते. सेन्सरचा रेझिस्टन्स मोजला. थंड इंजिनावर अडीच हजार ओहमच्या आसपास, आणि इंजिन तापत गेलं तसा आकडा एकसारखा उतरत गेला. तापल्यावर या सेन्सरचा रेझिस्टन्स उतरायलाच हवा, म्हणजे सेन्सर ठणठणीत. मग कनेक्टर उघडला. एका पिनेवर हिरवा थर चढलेला, दुसरी पिन मागे सरकलेली. गाडी दर आठवड्याला प्रेशरने धुतली जायची, ते पाणी आत मुरलं होतं. पिन साफ करून पुढे ओढली, कोड पुसला. दिवा पुन्हा लागला नाही. त्या पोराने ईसीयू बदलला असता तर दुधाच्या हिशेबातले किती हप्ते गेले असते, हे आमच्या भागातल्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

हल्ली दिवा लागला की पेट्रोलमधल्या इथेनॉलवर खापर फुटतं. इथेनॉलबद्दल दुसरे प्रश्न जरूर असतील, पण तापमान सेन्सरच्या तुटलेल्या सर्किटचा कोड इथेनॉलमुळे येत नाही. आधी कोड बघा, मग दोष द्या. त्याहीआधी बॅटरी बघा. उतरलेल्या बॅटरीवर ईसीयू भलतेच कोड दाखवतो, आणि लोक मात्र सेन्सर बदलत बसतात.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. चावी फिरवली की हा दिवा पेटला पाहिजे आणि थोड्या वेळात किंवा इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. तो पेटलाच नाही तर गाडी निर्दोष आहे असं समजू नका. दिवाच बंद करून गाडी गळ्यात मारणारे लोक आहेत.

सुटे भाग आणि निदानाची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत, म्हणून २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’चं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. दुचाकी कंपन्यांनी प्रत्येक मॉडेलची कोडची यादी आणि वायरिंग डायग्राम त्यावर मराठीत द्यावेत. आयटीआयच्या पोरांना आणि आमच्यासारख्या गावच्या मेकॅनिकला ते फुकट बघता यावेत. आणि सर्व्हिस सेंटर असो की गॅरेज, पार्ट बदलण्याआधी आलेला कोड, मल्टिमीटरवर घेतलेलं रीडिंग आणि काम झाल्यावरची स्थिती बिलावर लिहिलीच पाहिजे. माझ्या गॅरेजमध्ये मी ती लिहून देतो. कुणी विचारलं तर जुना पार्टही हातात देतो.

कळावे,
एक दुचाकी मेकॅनिक, पलूस, जि. सांगली