बंदरे मंत्री साहेब, जेट्टीवर पेट्रोलचं तेवढं बघा की : एका सोलापूरकराचं खुलं पत्र

मा. बंदरे मंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य,
सोलापूरहून नमस्कार.

पत्रावर सोलापूर बघून तुम्हाला वाटेल ह्याचा अन् समुद्राचा काय संबंध, आमच्याकडं पाणी म्हणजे उजनी आणि तेपण नळाला चार-पाच दिवसांनी. पण मी गॅरेजवाला माणूस, इंजिन कुठलंही असू दे, आपल्याला ओढ लागते. मेव्हणा रत्नागिरीत असतो, त्यानं एक जुनी फायबरची बोट घेतली, मागं ४० हॉर्सपॉवरचं आऊटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागं बाहेरून टांगलेलं इंजिन, पेट्रोलवालं. जानेवारीतली आमची गड्डा यात्रा उरकली, शेंगाचटणी अन् कडक भाकरी बांधून घेतली आणि गेलो. ठरलं असं की रत्नागिरीहून किनाऱ्या-किनाऱ्यानं विजयदुर्गाकडं जायचं, मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी परत. अंतर साधारण २६ सागरी मैल, म्हणजे ४८ किलोमीटरच्या आसपास. गाडीला हे अंतर म्हणजे काहीच नाही ओ, पण बोटीला लिटरमागं किती किलोमीटर हा हिशोब लागू होत नाही, तिथं तासाला किती लिटर असं बघतात, आमचं इंजिन तासाला १२ पितं. जुने लोक सांगतात की तेलाचे तीन वाटे करा, एक जायला, एक यायला, एक राखीव. आम्ही २५-२५ लिटरच्या दोन टाक्या घेतल्या, काठोकाठ भरल्या नाहीत कारण उन्हात पेट्रोल फुगतं. जाताना एक संपली, दुसरीतली निम्मी खाडीत फिरण्यात उडवली, तो आमचा शहाणपणा, तुमच्यावर ढकलत नाही. म्हटलं सकाळी जेट्टीवर पेट्रोल घेऊ अन् नऊला सुटू.

आता जेट्टीचं नाव घेत नाही, कारण दोष त्या गावाचा नाही. डिझेल होतं, पण ते सोसायटीचं, मच्छिमारांसाठी, करपरताव्याचं. त्यात आम्हाला वाटा नकोच, मौजेला फिरणाऱ्यांनी ते मागूपण नये. पेट्रोलचं विचारलं तर जाळं शिवत बसलेले एक काका मान वर न करता म्हणाले, "हय पेट्रोल गावत नाय." (गावणं हा शब्द आमच्याकडंपण आहे, ऐकून बरं वाटलं, पेट्रोल मात्र गावलं नाही.) रिक्षा केली, सहा किलोमीटर वर पंप, पंपवाला म्हणतो प्लास्टिकच्या कॅनमध्ये देणार नाही. बरोबर आहे त्याचं. १९३४ चा पेट्रोलियम कायदा आहे, त्यात लायसन्स नसलेल्या माणसाला स्वतःपुरतं ३० लिटरपर्यंत पेट्रोल ठेवता येतं, पण भांडं धातूचं आणि २५ लिटरपेक्षा मोठं नको. आता धातूचा कॅन सकाळी सकाळी कुठं मिळणार, दोन दुकानं बंद, तिसऱ्यात एक पत्र्याचा २० लिटरचा डबा मिळाला, भरून परत आलो तर साडेबारा वाजलेले आणि ओहोटी लागलेली. बोट पुरुषभर खाली गेलेली, जेट्टीच्या पायऱ्यांवर शेवाळ, मी वर पालथा पडून डबा दोरीनं सोडतोय अन् मेव्हणा खाली हात पसरून उभा. बोटीचा तळ चिखलाला लागायला लागला म्हणून डबा तसाच ठेवून निघालो, म्हटलं वाटेत ओतू.

साहेब, खरी गंमत इथंच आहे. त्या दिवसांत सकाळी समुद्र ताटासारखा असतो आणि दुपारनंतर वायव्येचा वारा उठतो. आम्ही उत्तरेला चाललेलो, म्हणजे वारा तोंडावर, लाटा तोंडावर, १३ नॉटनं (तासाला १३ सागरी मैल) येणारी बोट ७ वर आली आणि तेल मात्र तेवढंच जळतंय. आंबोळगडच्या पुढं इंजिन खोकलं अन् बंद. नांगर टाकला म्हणून बोटीचं तोंड वाऱ्याकडं राहिलं, नाहीतर आडवीच झाली असती. मग मी गुडघ्यात टाकी धरून, नरसाळं लावून, मेव्हणा डबा वाकवतोय, बोट वर जाते तेव्हा धार नरसाळ्यात, खाली येते तेव्हा माझ्या मांडीवर. लिटरभर तरी तळाला सांडलं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती उडून जात नाही, बोटीच्या तळात साचून बसते, अन् तिथंच बॅटरी. मी गॅरेजमध्ये पोरांना शिकवतो की कॅन जमिनीवर ठेवूनच भरायचा, आणि इथं हे असलं करत होतो. फडक्यानं पुसून, वास जाईपर्यंत वीस मिनिटं स्टार्टरला हात लावला नाही, भाकरीसुद्धा खाववेना. १५५४ हा कोस्ट गार्डचा नंबर मोबाईलवर काढून ठेवला होता. रत्नागिरी गाठली नाहीच, पूर्णगडच्या खाडीत शिरलो अन् रात्री एसटीनं घरी.

जेट्टीवर पेट्रोल असतं तर नऊला निघालो असतो, वारा लागला नसता, ओतायची वेळच आली नसती. आमच्यासारख्या हौशींचं सोडा, पर्यटकांना फिरवणारे आऊटबोर्डवाले आहेत, छोट्या होड्यांवरचे मच्छिमार आहेत, ते रोज हेच करतात, त्यांच्या मांडीवर रोज सांडतं.

तेल कंपन्या दिल्लीच्या हातात, माहितीय. पण बऱ्याच जेट्ट्या तर तुमच्या मेरीटाईम बोर्डाकडं येतात ना. रत्नागिरीचं मिरकरवाडा, विजयदुर्ग, मालवण, एवढ्या तीन ठिकाणी पेट्रोलचं एक-एक छोटं युनिट बसवा, भरती-ओहोटीबरोबर वरखाली होणारा तरंगता धक्का असला तर उत्तमच. तोवर निदान प्रत्येक जेट्टीवर एक बोर्ड तरी लावा, जवळचा पंप किती लांब, कॅन धातूचाच लागेल, ३० लिटरच नेता येईल. बोर्डाला काय खर्च येतो, आमच्याकडं वाढदिवसाचे फ्लेक्स याच्यापेक्षा मोठे असतात.

आणखी एक, हे आमच्यावरच उलटणार आहे पण सांगतो. नंतर कार्बोरेटर खोलला तर वाटीत पाणी. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, आमच्या सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांची रांग आहे, ऊस आमचाच, त्यामुळं इथेनॉलला नावं ठेवायला जीभ रेटत नाही. पण इथेनॉल पाणी ओढतं, खाऱ्या दमट हवेत टाकी अर्धी रिकामी पडून राहिली की पाणी अन् इथेनॉल खाली बसतं आणि इंजिन नेमकं तळातूनच ओढतं. बोटवाल्यांना पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा म्हणून कुणी सांगितलेलंच नाही. रजिस्ट्रेशनच्या वेळी एक कागद हातात दिला तरी पुष्कळ.

मी साखर पेठेतल्या एका पत्रेवाल्याकडं १५-१५ लिटरचे दोन कॅन करायला टाकलेत, कायद्यात बसणारे. झाकणाचं वायसर पेट्रोलला टिकणारं मिळेना म्हणून अडलंय. मिळालं की पुढच्या मोसमात परत येतोय, तेव्हा बोर्ड दिसला तर फोटो काढून पाठवीन.

आपला,
एक सोलापूरकर गॅरेजवाला