बाळाचं वजन सगळे विचारतात, खर्र्याचं कोणीच नाही

संपादक महोदय,
नमस्कार. मागच्या महिन्यात माझी भाची बाळंत झाली, दिवस पूर्ण भरले होते तरी बाळ 1 किलो 900 ग्रॅमचंच. अडीच किलोच्या आत म्हणजे कमी वजनाचं, हे आता आमच्या घरी लहान पोरांनाही पाठ झालंय. नर्सबाईनं बाळाला आईच्या उघड्या छातीशी ठेवायला शिकवलं, बाळ बरं आहे (बहीण मात्र रोज वजनकाटा मागते).

वॉर्डात जो तो नशिबाला बोल लावत होता, एक आजी तर म्हणे ग्रहण पाहिलं असंल. अहो, सातव्या महिन्यात पोरीचं हिमोग्लोबिन 8 होतं, गरोदरपणात 11 तरी पाहिजे. पहिलं पोर दीड वर्षाचं, म्हणजे अंग भरून यायच्या आत पुन्हा दिवस गेले. लोहाच्या लाल गोळ्या सरकारी दवाखान्यातून 180 फुकट मिळतात, तिच्या डब्यात अर्ध्या तशाच, काऊन तर पोट साफ होत नाही अन् शी काळी होते. ज्या गिळल्या त्या चहासोबत, मग लोह अंगी कसं लागणार? संत्र्याच्या गावात राहून संत्र्यासोबत घ्या हे कोणी सांगितलं नाही. वरून सासूबाईंचं, बेतानं जेव, बाळ मोठं झालं तर सिझर होईल.

पण खरं लिहायचंय ते खर्र्याबद्दल, म्हणजे सुपारी, तंबाखू अन् चुना घोटून करतात त्याबद्दल. आपल्याकडे पानठेल्यावर माणसं पन्नीत घोटत उभी दिसतात म्हणून तो बाप्यांचाच शौक वाटतो, बायांचा मात्र उशीखाली असतो. तंबाखूतल्या निकोटीननं नसा आकसतात, वारेतून बाळाला जाणारं रक्त कमी होतं अन् बाळ वाढत नाही, तंबाखू चघळली तरी तेच. तपासणीत विचारतात, नाही असं नाही, पण सासू शेजारी बसली असताना. कोणती सून हो म्हणेल? भाचीनं मला सांगितलं तेही डिस्चार्जनंतर ऑटोत, सुरुवात दाढदुखीपासून झाली म्हणे.

दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर बायांची मोफत तपासणी असते. त्या दिवशी सासूला अन् नवऱ्याला दहा मिनिटं बाहेर बसवा, मग विचारा, आणि हो म्हणाली तर रागावू नका. आशाताईंनाही हेच सांगणं आहे, घरच्यांसमोर विचारू नका.

एक मावशी, नागपूर