तट्टू म्हणजे लहान घोडं नव्हे

आर्वीकडून, पौष महिना

प्रिय बंडू,
सप्रेम नमस्कार.

पोराला 'पोनी' घ्यायचा म्हणतोस आणि वर विचारतोस, पोनी म्हणजे घोड्याचं पिल्लूच ना? काय बे! एका बाकावर शिकलो म्हणून कोणाला सांगितलं नाही. घोड्याचं पिल्लू ते शिंगरू. पोनी म्हणजे आपलं तट्टू. म्हातारं झालं तरी तेवढंच राहतं.

आयाळ संपते तिथपासून जमिनीपर्यंत मोजायचं. 14 हात 2 इंचांच्या वर गेला तर घोडा, खाली राहिलं तर तट्टू. हा हात कोपरापासूनचा नव्हे, पंजाच्या रुंदीचा, 4 इंचांचा. म्हणजे 58 इंच झाले. पण नुसत्या टेपावर भरवसा ठेवू नको. अरबी घोडे कैकदा त्याच्या आतच भरतात, तरी त्यांना कोणी तट्टू म्हणत नाही. तट्टाची ठेवणच वेगळी: पाय आखूड, पोट पिंपासारखं, मान जाड, आयाळ दाट. आणि भूक बेताची.

परवा पऱ्हाटीची उलंगवाडी, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी, झाल्यावर आपल्या वावरात धनगर मेंढ्या बसवायला आले. त्यांच्यातलं एक तट्टू पाहायला पाहिजे होतं तू. पाठीवर उलटी बाज, बाजेत भांडी, गोधड्या, दोन कोंबड्या, आणि सगळ्यात वर सकाळीच जन्मलेलं कोकरू, मान बाहेर काढून. ओझं उतरवलं तसं ते धुऱ्यावरचं वाळलं गवत कुरतडायला लागलं. दाण्याची चंदी नाही, तोबरा नाही. भीमथडीची, म्हणजे भीमा नदीच्या काठची, तट्टं म्हणतात ती याच कामाची. मराठ्यांच्या स्वाऱ्या त्यांच्याच जिवावर चालल्या. आता कर्नालच्या सरकारी संस्थेनं भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. उशिराच, पण केली.

माझ्या घोडीचं ऐकलंच असशील. वरातीच्या धंद्यासाठी मागच्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतून आणली. व्यापारी म्हणे, "पक्की मारवाडी, पाच वर्षांची, पंचकल्याणी, गळ्यावर देवमण." म्हणजे चारी पाय नि तोंड पांढरं, आणि गळ्यावर केसांचा शुभ भोवरा. मी पाहिले कान. आत वळलेले, टोकाला टोक लागलेलं. खूश झालो, पैसे मोजले.

घरी नालबंदानं तोंड उघडलं आणि हसलाच. "भाऊ, पाच कायची? वरच्या कोपऱ्यातला दात पाहा." दातावर उभी तपकिरी चीर होती. दहाव्या वर्षाच्या सुमारास ती हिरडीतून निघते आणि पंधराव्यापर्यंत अर्ध्या दातावर येते. आपली अर्ध्यावर आलेली. पाचव्या वर्षी तर दुधाचे शेवटचे दात नुकते पडलेले असतात. पंचकल्याणी पाहत बसलो, दात पाहायचं राहिलं.

बरं, मारवाडीही नाही. कान तसे मारवाडी आणि काठेवाडी दोघांचेही वळतात, काठेवाडीचे जरा जास्तच. पण मारवाडी उंच आणि लांबट तोंडाची; काठेवाडी आटोपशीर, कपाळ रुंद, नाकाशी खोलगट. माझी जेमतेम 14 हातांची, तोंडही तसंच. तिच्यात काठेवाडी रक्त जास्त असावं.

तरी विकणार नाही. डीजे लागला की तिचे कान अर्धं वर्तुळ फिरून मागे जातात, पण पाय जागचे हलत नाहीत. आणि रेवाल, म्हणजे न हिसकवणारी झपझप चाल अशी, की नवरदेवाचा फेटा डुलत नाही. फक्त खायला नवरदेवाच्या मामासारखं लागतं: कडबा, तुरीचं कुटार, वर हरभरा.

म्हणून सांगतो, पुण्यात काही घेऊ नको. फ्लॅटखाली बांधून ते रोज कोण फिरवणार? शेटलँड पोनीचे फोटोही पाहू नको. 42 इंचांच्या आतलं, गोंडस दिसतं, पण थंड बेटावरचं केसाळ जनावर आपल्या मे महिन्यात काय करेल? पोराला घेऊन इकडेच ये. धनगर अजून महिनाभर आहेत, त्या तट्टावर बसवू. पडला तरी वावरातच पडेल.

येताना घोडीचं अंग घासायला एक चांगला खरारा आणजो. इथला पार बोथट झाला.

तुझा,
भाऊ