मारिट ब्योर्गेनचा उशीर

महोदय,

हिवाळी ऑलिंपिक आले की आपल्याकडे फिगर स्केटिंगची छायाचित्रे हमखास छापून येतात. तासभर बर्फ तुडवणाऱ्या स्कीपटूंच्या वाट्याला फार तर दोन ओळी. म्हणून नॉर्वेच्या मारिट ब्योर्गेनविषयी लिहावेसे वाटले. 2002 ते 2018 या काळात पाच ऑलिंपिकमध्ये मिळून तिने क्रॉस-कंट्री स्कीइंगची (बर्फावरून लांब अंतर स्कीवर कापण्याच्या शर्यतींची) 15 पदके मिळवली, त्यांपैकी 8 सुवर्ण. हिवाळी ऑलिंपिकमध्ये एवढी पदके दुसऱ्या कुणाच्याही नावावर नाहीत.

मला मात्र तिचा उशीर जास्त भावतो. पहिले ऑलिंपिक सुवर्ण 2010 मध्ये व्हँकुव्हरला मिळाले, तेव्हा ती 29 वर्षांची होती. त्याच सुमारास तिच्या दम्याच्या औषधावरून वाद पेटला. तिची प्रतिस्पर्धी, पोलंडची स्कीपटू युस्तिना कोवाल्चिक हिने अशा औषधाचा शर्यतीत फायदा होतो, असा उघड आक्षेप घेतला. औषध रीतसर परवानगीचे होते, तरी कुजबुज पुढेही चालूच राहिली. डिसेंबर 2015 मध्ये ब्योर्गेनला मुलगा झाला. आता बाई घरी बसणार, असे आपल्याकडे सहज म्हटले गेले असते. तिने 2017 मध्ये फिनलंडमधील लाहतीच्या जागतिक स्पर्धेत चार सुवर्णपदके जिंकली! पुढच्या वर्षी प्योंगचांगच्या ऑलिंपिकमध्ये 30 किलोमीटरची शर्यत तिने पावणेदोन मिनिटांहून अधिक फरकाने मारली. वय 37.

तेव्हा पुरुषांसाठी 50 किलोमीटर आणि बायकांची हद्द 30 वर. महिलांना 50 किलोमीटर मिळाले ते 2026 च्या ऑलिंपिकमध्ये. ब्योर्गेनला ती शर्यत मिळायला हवी होती.

– एक वाचक, सातारा